होम थिएटर: आहे त्याच सेटचा आवाज कशाने सुधारला? अनुभव लिहा

होम थिएटरचा विषय निघाला की पहिला सल्ला ठरलेला: ‘हा विकून टाक, तो घे.’ इथे तो नको. आहे त्याच स्पीकरमधून, आहे त्याच खोलीत आवाज कशाने सुधारला, तेवढंच लिहा. सुरुवात मी करतो.

आमचा हॉल तेरा फूट लांब. खाली टाइल्स, एका बाजूला काचेची स्लायडिंग खिडकी. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला. सोफ्यावर बसलं की बास (खालचे जड सूर) नुसता घुमायचा आणि हॉलच्या मधोमध उभं राहिलं की गायब. दोष सबवूफरचा, म्हणजे फक्त बाससाठीच्या वेगळ्या स्पीकरचा, नव्हता. 4 मीटरच्या खोलीत साधारण 43 हर्ट्झला आवाजाची लाट समोरासमोरच्या भिंतींमध्ये उभी राहते. भिंतीशी जोर, मध्यावर जवळजवळ काही नाही. उपाय फुकटातला. सबवूफर उचलून सोफ्यावर, आपण बसतो त्याच जागी ठेवायचा, भरपूर बास असलेलं गाणं लावायचं आणि भिंतीच्या कडेने रांगत ऐकत जायचं. जिथे एकेक ठोका सुटा ऐकू येईल तिथे सबवूफर मांडायचा. बायकोने व्हिडिओ काढून घरच्या ग्रुपवर टाकला, तो भाग सोडून द्या. आमच्याकडे ती जागा कोपऱ्यापासून दोनेक फूट अलीकडे निघाली. सोफाही भिंतीपासून थोडा पुढे ओढलाय, त्यामुळे मागे केर साठतो म्हणून रोज ऐकून घेतो.

डोंबिवलीकर:
आमची तक्रार उलटी. मारामारी शेजारच्या बिल्डिंगपर्यंत आणि संवाद मात्र पुटपुटल्यासारखे. सेंटर स्पीकर (मधला, संवादांचा) टीव्ही युनिटच्या कप्प्यात आत सरकवलेला होता. तो कप्प्याच्या अगदी कडेला आणला, पुढच्या बाजूखाली दाराचे रबरी स्टॉपर सारून तोंड वर, कानांच्या दिशेने केलं आणि रिसीव्हरमध्ये (सगळे स्पीकर ज्याला जोडतात तो अँप्लिफायर) फक्त सेंटरची पातळी 3 डेसिबलने वाढवली. सासूबाई आता ‘काय म्हणाला तो?’ असं विचारत नाहीत.

सेटिंगवाला:
ऑटो कॅलिब्रेशनचा (रिसीव्हर स्वतःच आवाज मोजून सेटिंग ठरवतो त्याचा) माइक सोफ्याच्या पाठीवर ठेवू नका. ट्रायपॉडवर, कानाच्या उंचीवर हवा. पंखा बंद, फ्रीज बंद, आणि कुकर लागायच्या आधी उरकायचं. झाल्यावर दोन गोष्टी तपासा. रिसीव्हर पुढच्या छोट्या स्पीकरनाही कधीकधी ‘लार्ज’, म्हणजे खोल बास पेलणारे, ठरवतो. ते ‘स्मॉल’ करून क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचे सूर सबवूफरकडे जातात ती सीमा) 80 हर्ट्झ ठेवा, म्हणजे खालचं ओझं सबवूफर उचलेल. दुसरं म्हणजे सबवूफर असतो दहा फुटांवर आणि मशीन अठरा दाखवतं. टेप घेऊन तो आकडा ‘दुरुस्त’ करू नका. सबवूफरच्या आतल्या सर्किटमुळे आवाजाला जो उशीर होतो, तो त्यात धरलेला असतो.

बुधवार पेठेत रमणारा:
मित्राच्या नव्या सेटमध्ये गाणी पोकळ वाटायची, गायक नेमका कुठे उभा आहे तेच कळायचं नाही. दुकानाचा माणूस जोडून गेला होता आणि एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी. एक कोन (स्पीकरचा थरथरणारा पडदा) बाहेर येतो तेव्हा दुसरा आत जातो, मग बास एकमेकांना खातो. तपासायला दीड व्होल्टचा सेल पुरतो. वायर रिसीव्हरकडून सोडवायची, लाल टोक सेलच्या प्लसला आणि काळं मायनसला क्षणभर टेकवायचं. कोन पुढे उडी मारतो तर बरोबर, मागे गेला तर उलट. खर्च एक पेन्सिल सेल.

नाशिककर ताई:
मला भिंतींबद्दल सांगायचंय. रिकाम्या हॉलमध्ये टाळी वाजवा. झणझणत राहिली तर नवीन स्पीकर आणूनही तेच होणार. अंड्यांचे ट्रे चिकटवायचा नाद सोडा, खोली विद्रूप होते आणि फायदा जवळपास शून्य. पातळ फोमही फक्त वरचे सूर खातो, मग सगळं दबलेलं वाटतं. मी सोफा आणि टीव्हीच्या मध्ये जाड गालिचा टाकला, खिडकीला जड पडदे लावले आणि सुताराकडून फ्रेम करून त्यात दोन इंची रॉकवूल (दगडापासून केलेली लोकरीसारखी गादी) भरलं, वरून खादीचं कापड. कापडातून फुंकर आरपार जायला हवी, रेक्झिन चालत नाही. फ्रेम कुठे टांगायची? एकाने बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत न्यायचा. सोफ्यावर बसलेल्याला त्यात स्पीकर दिसला की तिथे खूण.

डोंबिवलीकर:
ताई, रॉकवूल भरताना हातमोजे आणि मास्क लिहायचं राहिलं. फार खाजतं.

रात्रपाळी:
हे सगळं करायच्या आधी टीव्हीचं ऑडिओ आउटपुट बघा. माझ्या टीव्हीवर ते ‘पीसीएम’ होतं, त्यामुळे एचडीएमआय एआरसीतून (टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे नेणारी जोडणी) रिसीव्हरला नुसता स्टिरिओ, म्हणजे दोनच स्पीकरचा आवाज, पोचायचा आणि मागचे स्पीकर शोभेला. ‘बिटस्ट्रीम’ (मूळ सिग्नल जसाच्या तसा पुढे) केल्यावर 5.1, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर, सुरू झालं. आता खालच्या मजल्यावरच्या काकांचा प्रश्न उरलाय. सबवूफरखाली रबरी पॅड घातले, फरशीची थरथर कमी झाली, पण खोल बास स्लॅबमधून जातोच. रात्री दहानंतर नाइट मोड लावतो. मोठे आवाज दबतात, बारीक वर येतात. त्याहून बरं काही कुणी केलं असेल तर लिहा, काका परवाच पुन्हा वर आले होते.