पाळी ३५ दिवसांनी येत असेल, तर प्रसूतीची तारीख कशी धरावी?

अबोली
काल, १६ जुलैला, घरी केलेल्या चाचणीत दोन रेघा उमटल्या; दुसरी इतकी फिकट होती की मी ती खिडकीपाशी नेऊन पुन्हा पाहिली. माझी शेवटची पाळी ९ जूनला आली होती आणि ती नेहमी ३५ दिवसांनी येते. ॲपने १६ मार्च ही तारीख दिली, तर सासूबाईंनी नऊ महिने नऊ दिवस मोजून १८ मार्च सांगितली. माझी खरी काळजी वेगळीच आहे. ॲपनुसार पाच आठवडे पूर्ण झाले आहेत, पण माझे पती बोटीवरून २६ जूनला घरी आले. मग पाच आठवडे होतातच कसे?

तुळस (प्रसूतिगृहात परिचारिका)
अबोलीताई, ती शंका आधी मनातून काढून टाका. गर्भारपणाचे आठवडे दिवस राहिल्यापासून नव्हे, तर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, कारण तीच तारीख बाईला नक्की ठाऊक असते. त्यामुळे हिशेबातल्या सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत गर्भ नसतोच. ९ जूनमध्ये नऊ महिने सात दिवस, म्हणजे २८० दिवस, मिळवले की १६ मार्च येते, परंतु हा हिशेब २८ दिवसांच्या पाळीचा आहे. आपले स्त्रीबीज चौदाव्याऐवजी साधारण एकविसाव्या दिवशी, म्हणजे २९ जूनच्या सुमारास बाहेर पडले असावे आणि पती परतल्याच्या तारखेशी ते नीट जुळते. म्हणून सात दिवस वाढवून तूर्त २३ मार्च धरा. चाचणी कोणत्या दिवशी केली, याचा या हिशेबाशी संबंध नाही.

मोगरा
माझीही पाळी लांबणारी. मी घाईने सहाव्या आठवड्यातच सोनोग्राफी केली, ठोके दिसले नाहीत आणि पुढचे दोन आठवडे रडून काढले. नंतर ठोके दिसले, बाळाची लांबी मोजली गेली आणि तारीख नऊ दिवस पुढे गेली. सातव्या महिन्यातील सोनोग्राफीने आणखी वेगळी तारीख दाखवली, पण डॉक्टरांनी ती धरली नाही, कारण तोवर प्रत्येक बाळ आपापल्या अंगलटीने वाढू लागते. फाइलवर मात्र जुनीच तारीख राहिली होती. दिवस उलटले असे समजून कळा आणण्याचे औषध देण्याची तयारी झाली आणि पहिला अहवाल दाखवल्यावरच ती थांबली. बदललेली तारीख माता-बाल संरक्षण कार्डावर त्याच दिवशी लिहून घ्या.

तुळस
मोगराताईंचा अनुभव लक्षात ठेवावा असाच आहे. अबोलीताई, आपल्या हिशेबाने सोनोग्राफीसाठी ४ ते ११ ऑगस्टचा आठवडा योग्य ठरेल. त्याआधी पोटात एका बाजूला तीव्र दुखले, अंगावरून रक्त गेले किंवा भोवळ आली, तर तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा. आणि सासूबाईंना सांगा, त्यांची १८ मार्चही चुकीची ठरेलच असे नाही; नेमक्या ठरल्या दिवशी जन्मणारी बाळे शंभरांत चार-पाचच असतात.