बदलता रंग दाखवायला स्क्रीन हवीच का?

कोळसेवाला:
रंग आणि बदल हा विषय घेतला की हल्ली बरेच चित्रकार थेट स्क्रीनकडे वळतात. मला ती पळवाट वाटते. पोलिश चित्रकार रोमान ओपाल्काने १९६५ मध्ये कॅनव्हासवर पांढऱ्या रंगात १, २, ३ असे आकडे लिहायला घेतले. १९७२ पासून प्रत्येक नव्या कॅनव्हासच्या राखाडी पार्श्वभूमीत तो एक टक्का पांढरा वाढवत गेला. शेजारचे दोन कॅनव्हास बघून काही कळायचं नाही, दहा-वीस ओलांडले की कळायचं. शेवटी शेवटी तर पांढऱ्यावर पांढरे आकडे! २०११ मध्ये तो गेला तेव्हा आकडा होता ५६०७२४९. कुठलं ॲप हे दाखवणार?

निळीशाई:
साफ असहमत. हे चित्र कमी आणि व्रत जास्त. आकडे वगळून नुसत्या राखाडी पट्ट्या टांगल्या तर कोण थांबेल? ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनीने २०११ मध्ये इंग्लंडमधला वोल्डगेटचा रस्ता आयपॅडवर काढला, जानेवारीतल्या उघड्या फांद्यांपासून मे अखेरच्या हिरव्यापर्यंत. रंग कालवेपर्यंत तिथला उजेड सरकलेला असतो. इथे बोट टेकवलं की रंग हजर. शिवाय तो वापरायचा त्या ॲपमध्ये चित्र पहिल्या रेघेपासून पुन्हा चालवून बघता येतं. कुठला रंग कशाखाली गेला, सगळं दिसतं.

कोळसेवाला:
दिसतं, पण उरत नाही ना! कोळशाच्या चित्रांच्या फिल्म करणारा दक्षिण आफ्रिकेचा विल्यम केंट्रिज बघा. एकच कागद. कोळशाने थोडं काढायचं, कॅमेऱ्यापाशी जाऊन फ्रेम घ्यायची, परत येऊन पुसायचं, पुन्हा काढायचं. चित्रातला हात हलला तरी आधीच्या हाताचा करडा डाग कागद सोडत नाही. आणि त्या सगळ्या काळ्यात पाण्याचा निळा उतरला की नजर तिथेच जाते.

निळीशाई:
अहो, पण केंट्रिज तुमच्या बाजूचा कसा? त्याची फिल्म शेवटी पडद्यावरच बघायची की :)

कोळसेवाला:
बरं, हा मुद्दा तुमचा. डाग मात्र माझा.

ओलाकागद:
तुम्ही दोघंही रंग चित्रकाराचं ऐकतो असं धरून चाललाय. मी गवाशमध्ये, म्हणजे अपारदर्शक जलरंगात, काम करते. ओला असताना अगदी बरोबर जुळलेला राखाडी वाळला की परका होतो. फिक्या छटा गडद होतात, गडद फिक्या पडतात. म्हणून आधी कागदाच्या कपट्यावर लावायचा, वाळू द्यायचा, मग चित्राला हात. एवढं करून चुकतोच. सही होण्याआधीच बदल सुरू!
आणि नंतरचं विचारूच नका. अमेरिकन चित्रकार मार्क रॉथकोची हार्वर्डमधली मोठी चित्रं १९६४ मध्ये भरपूर उजेडाच्या जेवणघरात लागली. त्यातला लिथॉल रेड हा लाल रंग उन्हाने उडाला आणि १९७९ मध्ये चित्रं उतरवावी लागली. २०१४ मध्ये ती पुन्हा मांडली, तेव्हा कुणी ब्रश लावला नाही. हरवलेला रंग प्रोजेक्टरच्या उजेडाने वरून टाकला.

निळीशाई:
म्हणजे फिरून प्रोजेक्टरच! माझीच बाजू झाली की.

ओलाकागद:
थांबा. दिवसाअखेर तो प्रोजेक्टर बंद करायचे आणि खालचं उडालेलं चित्र उघडं पडायचं. मला विचाराल, तर मी नेमकी त्याच वेळेला गेले असते.