शाळकरी बास्केटबॉलपटू पारखायचे कसे? बजेट १०० डॉलर (सल्ला हवा)

रॅलेकर
नमस्कार मंडळी. येत्या हंगामात बारावीत खेळणारे दहा मुलगे निवडायचे आणि प्रत्येकाच्या नावापुढे दोन अंदाज लिहून पाकीट बंद करायचं: कॉलेजात कितपत चालेल, आणि एनबीएत (अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये) पोचेल का. पाकीट चार वर्षांनी उघडणार. आम्ही तिघे आपापली यादी करणार, हरणारा जेवण घालणार.
अटी: हंगामाचा खर्च १०० डॉलर, तिकिटं धरून. वेळ आठवड्याला तीन तास, बहुतेक शुक्रवारी संध्याकाळी. जिम घरापासून (रॅले, नॉर्थ कॅरोलायना) चाळीस मैलांच्या आत.
प्रश्न: (१) सामन्यात नेमकं काय बघायचं? (२) शाळकरी खेळाडूंची क्रमवारी लावणाऱ्या साइटची वर्गणी भरावी का? (३) वहीत काय लिहायचं?
हायलाइट बघून ठरवायचं नाही एवढं कळतं. आणि कृपा करून स्टीफन करीचं उदाहरण देऊ नका.

पाचवा_फाउल
सामना सातला असेल तर सव्वासहाला जाऊन बसा. सरावात निम्मं कळतं.
पहिलं म्हणजे ले-अपची (धावत येऊन रिंगजवळून टाकायच्या फटक्याची) ओळ. डावीकडून येताना पोरगं डाव्या हाताने टाकतं, की शेवटच्या क्षणी चेंडू उजव्यात घेतं? सरावात डावा हात टाळणारा सामन्यात टाळणारच, आणि कॉलेजातला बचावपटू पाच मिनिटांत ते ओळखून त्याला डावीकडेच ढकलत राहतो.
दुसरं, अंतर. शाळेची तीन गुणांची रेघ १९ फूट ९ इंचांवर, कॉलेजची २२ फूट पावणेदोन इंचांवर, एनबीएची समोरून २३ फूट ९ इंचांवर. म्हणजे शाळेच्या रेघेच्या मागे चार फूट, मोठी दीड-दोन पावलं. तिथून टाकताना फेक तीच राहते की कमरेतून झोका देऊन ढकलावं लागतं?
तिसरं, चुकलेले फटके. आखूड पडत असतील तर पायातला जोर कमी, तो वयाबरोबर येतो. डावी-उजवीकडे जात असतील तर कोपर नाहीतर मनगट वाकडं, ते मोडून नव्याने बसवावं लागतं.
सामना सुरू झाला की चेंडूकडे बघणं सोडा. शाळेचा क्वार्टर आठ मिनिटांचा, त्या आठ मिनिटांत एकच मुलगा बघायचा. चेंडू हातात आला की मनात ‘एक, दोन’ म्हणा. एकच्या आत टाकणं, घुसणं किंवा पास यातलं काहीतरी व्हायला हवं. दोन झाले, तीन झाले आणि अजून ड्रिबलच चाललंय, तर शाळेत खपतं, कारण तो तिथला राजा आहे. कॉलेजात तो तिसऱ्या नंबरचा पर्याय असणार.
बचावात पाय बघा. नेम धरलेल्या खेळाडूच्या अंगावर धावून जाताना शेवटची दोन-तीन पावलं आखूड आणि गुडघे वाकलेले हवेत. ताठ उभा राहून लांब ढांगा टाकत येणाऱ्याच्या बाजूने समोरचा सहज निसटतो. आणि चेंडू पलीकडच्या बाजूला असताना मान हलते का बघा. आपला माणूस आणि चेंडू दोन्ही नजरेत ठेवणारी पोरं फार थोडी असतात.

आकडेमोडे
बजेट वाचलं. पण शंभरात हे होत नाही. कॉलेजवाले सिनर्जी नावाची व्हिडिओ-आकडेवारीची सेवा वापरतात: प्रत्येक ताबा तोडून ठेवलेला, पिक-अँड-रोल (साथीदाराच्या आडोशाने घुसणं) वेगळा, झेलून फेकलेला फटका वेगळा. मिळवता आलं तर मिळवाच.

पाचवा_फाउल
मिळवणार कुठून? घरगुती माणसासाठी नाहीये ते. त्यांनी शंभर डॉलर लिहिलेत, शंभर हजार नाही.

झब्बू
करी!! शार्लटचा पोरगा, मोठ्या कॉलेजांनी विचारलं नाही, व्हर्जिनिया टेकने स्कॉलरशिपशिवाय ये म्हटलं, शेवटी डेव्हिडसन. २००९ मध्ये एनबीएच्या वार्षिक निवडीत (ड्राफ्टमध्ये) सातवा. तात्पर्य, क्रमवारी फेकून द्या.

रॅलेकर
चौथ्याच प्रतिसादात आला.

डंकवाली
झब्बू, मुळात उदाहरणच उलटं आहे. करीचे वडील एनबीएत १६ हंगाम खेळले, तेही नेमबाज म्हणूनच. उंची आणि वजन कमी म्हणून लोक बिचकले, पण फटका सगळ्यांना दिसत होता.
रॅलेकर, वहीत पहिला रकाना जन्मतारखेचा ठेवा. इयत्तेचा नको. बारावीच्या एकाच वर्गात साडेसतरा वर्षांचा मुलगा असतो आणि एक वर्ष मागे ठेवलेला एकोणीस वर्षांचा बाप्याही असतो. दोघांचे २२ गुण एका मापाने कसे मोजणार? कूपर फ्लॅगचा जन्म डिसेंबर २००६ चा. तो मूळचा २०२५ च्या तुकडीतला, एक वर्ष आधी शाळा संपवून ड्यूक कॉलेजला आला आणि २०२५ मध्ये पहिला निवडला गेला तेव्हा अठराच वर्षांचा होता. डेव्हिन बुकर केंटकी कॉलेजात बाकावरून उतरायचा, २०१५ मध्ये तेरावा गेला. तोही तेव्हा अठराचाच. बाकावर बसलेला अठरा वर्षांचा नेमबाज आणि बाकावर बसलेला बावीस वर्षांचा नेमबाज या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

अटलांटाकर
वयाचं इतकंही डोक्यात घेऊ नका. आमच्याकडच्या ओव्हरटाइम एलिटमधले (शाळकरी वयाच्या पोरांची लीग) थॉम्पसन जुळे निवडीच्या वेळी वीस वर्षांचे होते, समोर त्यांच्याहून लहान पोरं. सगळे नाकं मुरडत होते. २०२३ मध्ये चौथा आणि पाचवा गेले, आणि २०२४-२५ मध्ये त्यांतला एमेन एनबीएच्या सर्वोत्तम बचावपटूंच्या पहिल्या पाचात.

डंकवाली
नाक मुरडलं ते फटक्यावरून, आणि लांबचा फटका आजही त्यांची जमेची बाजू नाही. पाय आणि बचाव लहान पोरांसमोरही खरेच दिसत होते. वय मोठं असलं की गुण आणि रिबाउंड यातून वजावट करायची. बाजूला सरकण्याचा वेग वजा होत नाही.

बाकावरचा
वरचं सगळं वाचलं नाही, पण फ्री थ्रो बघा. तीन गुणांच्या टक्केवारीपेक्षा फ्री थ्रोची टक्केवारी पुढचं जास्त सांगते. अंतर ठरलेलं, समोर कोणी नाही, फक्त हात. शिवाय वय बघा.

आकडेमोडे
फ्री थ्रोला अनुमोदन, पण किती फ्री थ्रो? ४० पैकी २८ म्हणजे ७० टक्के. एवढ्याशा नमुन्यावर खरा हात ५६ पासून ८४ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतो. ५६ वाला आणि ८४ वाला हे दोन वेगळ्या जन्मांचे खेळाडू आहेत. शाळेचे दोन हंगाम आणि उन्हाळ्यातले सामने एकत्र करा, दीडशेच्या पुढे गेलात की बोला. तोवर सरावात दिसलेल्या हातावर भरवसा ठेवा. (हे पाचव्याने आधीच सांगितलंय, मान्य.)
आणि स्टील-ब्लॉक (चेंडू हिसकावणं, फटका अडवणं) मोजाल तर डोळ्यांनी मोजा. पासच्या वाटेत हात घालून, चुकल्यावर आपली जागा गमावणारा पोरगा कागदावर चार स्टील दाखवतो आणि संघाला सहा सोपे ले-अप खायला लावतो.

जुना_सेंटर
उंच पोरांबद्दल कोणीच बोललं नाही. सगळ्यात जास्त फजिती तिथेच होते. स्काल लाबिसिएर २०१५ च्या तुकडीत अगदी वरच्या टोकाला होता. केंटकीत सरासरी ६.६ गुण, निवड २८ वी. झॅक ईडी क्रमवारीत चारशेच्याही पुढे, आणि पर्ड्यूत दोनदा देशातला सर्वोत्तम खेळाडू, २०२४ ला नववा. सात फुटी पोरांचं अंग उशिरा जुळतं, आणि शाळेत त्यांच्या अंगाला अंग भिडवणारा कोणी नसतो. कॉलेजातलं पहिलं ढकलणं खाल्लं की मगच कळतं.
छापील उंचीवर विश्वास ठेवू नका, तीत बूट असतात आणि वर एखादा इंच प्रशिक्षकाचं प्रेम. त्यापेक्षा ही युक्ती. रिंग दहा फुटांवर, जाळीची लांबी १५ ते १८ इंच, म्हणजे जाळीचं खालचं टोक साधारण साडेआठ-पावणेनऊ फुटांवर. सरावाच्या आधी पोरं रिंगखाली उगाच उभी असतात, हात वर करून जाळीशी चाळा करतात. टाचा जमिनीवर टेकलेल्या असताना बोटं जाळीत गेली, तर पोहोच फॉरवर्डला (रिंगजवळ खेळणाऱ्या उंच गड्याला) पुरेशी. टाचा उचलाव्या लागल्या तर छापील ६ फूट ८ इंच विसरा. वयाइतकीच पोहोचही महत्त्वाची.

अटलांटाकर
एनबीएने तर २०१९ पासून अनवाणी उंचीच लावायला लावली. कित्येक जण रात्रीत इंच-दीड इंच खुजे झाले :)

जुना_सेंटर
जेलन विल्यम्स अनवाणी ६ फूट ५ इंचांच्या आतच भरला, पण हातांचा पसारा ७ फूट २. सँटा क्लारात तीन वर्षं, २०२२ ला बारावा. बारावीत असताना वरच्या क्रमवारीत त्याचं नाव नव्हतं.
आणि कॉलेज आणि एनबीए हे दोन रकाने खरोखरच वेगळे भरा. तुमच्या शेजारच्या चॅपल हिलचा टायलर हॅन्सब्रो घ्या. २००८ चा देशातला सर्वोत्तम, नॉर्थ कॅरोलायनाचा आजवरचा सर्वाधिक गुणांचा मानकरी, एनबीएत तेराव्या निवडीचा बदली खेळाडू. रिंगला पाठ करून दोन ढकलण्यांत गुण काढणारा ६ फूट ८-९ चा पोरगा दिसला की कॉलेजच्या रकान्यात ‘उत्तम’ लिहा आणि एनबीएच्या रकान्यात हा प्रश्न: याच्याहून अर्धा फूट बुटका गार्ड (चेंडू घेऊन येणारा चपळ खेळाडू) अंगावर आला तर हा सरकणार कसा?

धावता_स्कोअर
व्हिडिओचं राहिलं. एनएफएचएस नेटवर्कवर शाळांचे सामने दिसतात, पण बऱ्याच जिममध्ये कॅमेरा आपोआप चेंडूमागे फिरणारा आहे. चेंडू नसलेला खेळाडू चौकटीबाहेरच राहतो, म्हणजे पाचव्याने सांगितलेलं निम्मं त्यात दिसणारच नाही. साधारण बरा कॅमेरा आणि तिवई घ्या, सातआठशेत होईल.

पाचवा_फाउल
शंभर. एकावर दोन शून्य.

धावता_स्कोअर
मग उन्हाळ्यातलं बघा. नायकेच्या ईवायबीएल आणि आदिदासच्या ३एसएसबी या क्लबांच्या स्पर्धांमध्ये शॉट क्लॉक (ठरलेल्या सेकंदांत फटका टाकायची मर्यादा) असतो आणि समोर बरोबरीची पोरं असतात. बरेच पूर्ण सामने यूट्यूबवर फुकट मिळतात. शाळेत क्लॉक राज्याराज्यावर. जिथे नाही तिथे चाळीस सेकंद चेंडू खेळवून मग घुसणारा गार्ड हुशार दिसतो. जुलैत ईवायबीएलची मोठी स्पर्धा पीच जॅम, नॉर्थ ऑगस्टा, तुमच्याकडून साडेचार तास.

रॅलेकर
चाळीस मैल लिहिलंय हो.

धावता_स्कोअर
साडेचार तास म्हणजे काही लांब नाही.

डंकवाली
नाताळच्या आठवड्यात रॅलेतच जॉन वॉल स्पर्धा असते. एका दिवसात लागोपाठ सामने, शिवाय बाहेरगावचे संघ. तीस गुणांनी जिंकलेल्या सामन्यातून काही कळत नाही. अंगावर खमका बचावपटू सोडलेला असतो तो सामना शोधा.

बाकावरचा
क्रमवारीच्या वर्गणीबद्दल: घेऊ नका. मी भरून बसलोय. आत फक्त ‘अमुक कॉलेज पुढे आहे’ एवढंच. तारे (साइटने पोरांना दिलेली पाचपैकी श्रेणी) फुकटात दिसतातच.

पोर्टलपीडित
तारे बघून कॉलेजचा अंदाज बांधाल तर फसाल, कारण बाजारच बदलला. २०२१ पासून खेळाडू आपल्या नावावर जाहिरातींचे पैसे घेऊ शकतात, २०२४ पासून कितीही वेळा कॉलेज बदलता येतं, आणि २०२५-२६ पासून कॉलेजही थेट पैसे देतं, सगळे खेळ मिळून पहिल्या वर्षी सुमारे २०५ लाख डॉलरपर्यंत. मग प्रशिक्षक अठरा वर्षांच्या तीन-तारा पोराला घडवत का बसेल? तो बावीस वर्षांचा तयार खेळाडू उचलतो. म्हणून कॉलेजच्या रकान्यात ‘कुठे’ लिहू नका, चार वर्षांत तीन ठिकाणं होतील. ‘कितव्या वर्षी पंधरा मिनिटं खेळेल’ हे लिहा.

आकडेमोडे
हा धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद. एनबीएच्या रकान्याबद्दल एक: दरवर्षी निवडी साठच्या आसपास, त्यात परदेशी आणि कॉलेजात तीन-चार वर्षं काढलेले आले. चाळीस मैलांतल्या दहा पोरांपुढे डोळे मिटून ‘नाही’ लिहिलंत तरी बहुधा तुम्हीच जिंकाल. पैज जिंकायची तर यादी देशभरातल्या पहिल्या पंचवीसातून करा.

झब्बू
आपला सतनाम सिंग विसरलात सगळे! २०१५, डॅलस, ५२ वा, आयएमजी अकॅडमीतून थेट. कॉलेज नाहीच.

जुना_सेंटर
७ फूट २ इंच, आणि एनबीएचा एकही सामना नाही. वर लिहिलंय ना, उंच पोरांची फजिती.

पाचवा_फाउल
एक राहिलं. मुलांची नावं इथे टाकू नका, बहुतेक अठराच्या आतली आहेत. आणि वहीत सामन्याच्या दिवशीच लिहा. दुसऱ्या दिवशी आठवतात ते फक्त डंक (उडी मारून रिंगमध्ये आदळलेले चेंडू).

रॅलेकर
सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली आहे. ठरलं ते असं.
वर्गणी नाही. व्हिडिओ नाही. पहिले पंचवीस नाहीत, पीच जॅम तर नाहीच. यादी चाळीस मैलांतलीच. वहीत रकाने सात: जन्मतारीख, जाळीपर्यंत पोहोच (टाचा टेकून), डावा हात, चार फूट मागून फेक, ‘एक-दोन’, बचावातली शेवटची तीन पावलं, फ्री थ्रोंची एकूण संख्या. ईवायबीएल बघितलं तर क्रमवारी डोक्यात बसेल आणि माझी यादी म्हणजे साइटची नक्कल होईल.
आकडेमोडे, दहाही ‘नाही’ लिहिणार नाही. एकापुढे ‘हो’ लिहीन, मग जेवण घालावं लागलं तरी चालेल.
तिकिटं आठ-दहा होतील, ऐंशीच्या आसपास जातील. उरलेल्या विसात ब्लीचर्सवर (जिममधल्या पायऱ्यांच्या बाकांवर) बसायला पाठ टेकायची घडीची गादी घेतोय. सव्वासहापासून बसायचं म्हणजे कंबर राहिली पाहिजे.

आकडेमोडे
हरणार तुम्ही. पुलेशु.

धावता_स्कोअर
गादी घ्यायचीच तर चांगली घ्या, साठ-सत्तरची. विसाची महिन्यात मोडते.

झब्बू
करी शार्लटचा. चाळीस मैलांत बसतं का?

रॅलेकर
नाही. १६५ मैल. मोजून बघितलं.