सिग्नलला थांबलं की एसी कोमट, हायवेला गारेगार. शिवाय ॲव्हरेजही घसरलं

होटगी_रोड:
गाडी २०१६ची, १००० सीसी, तीन सिलिंडर पेट्रोल, ८२ हजार किमी. ऊन ४२च्या पुढं गेल्यापासून सोलापुरात सात रस्त्याच्या सिग्नलला गाडी थांबली की दोन-तीन मिनिटांत एसीची हवा कोमट होते आणि तापमानाचा काटाही निम्म्याच्या वर सरकतो. गाडी हलली की दोन्ही जागेवर. मोहोळच्या बाजूला हायवेला लागलं की एसीबद्दल तक्रारच नाही.

गॅरेजवाल्यानं आधी गॅस टॉप-अप केला, फरक शून्य. मग थर्मोस्टॅट व्हॉल्व (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडं जाऊ न देणारा) काढून टाकला, "आपल्याकडच्या उन्हात त्याची गरजच नाही" म्हणाला. आता हायवेला काटा पार खाली, सिग्नलचा त्रास तसाच, आणि शहरातलं ॲव्हरेज १५ वरून १२-साडेबारावर. आता कंप्रेसर बदला म्हणतोय. खर्चात पडण्याआधी काय काय बघू? आधीच्या मालकाच्या काळापासून कूलंटच्या टाकीत बोअरचंच पाणी पडत आलंय, तेही सांगून ठेवतो.

रिले_फ्यूज:
मालक, कंप्रेसरला हात लावू देऊ नका. कंप्रेसर पूर्ण गेला असता तर हायवेलाही एसी गार झाला नसता, आणि नुसता कमजोर असता तर काटा वर सरकला नसता. उभ्या गाडीत बिघडतं आणि पळत्या गाडीत सुधारतं, म्हणजे कंडेन्सरमधून (रेडिएटरच्या पुढची एसीची जाळी) हवा जात नाही. पळताना ती वाऱ्यानं मिळते, थांबल्यावर सगळी भिस्त पंख्यावर. छोट्या गाड्यांत बहुतेक वेळा रेडिएटर आणि कंडेन्सर दोघांना मिळून एकच पंखा असतो, म्हणून एसी आणि काटा एकदमच बिघडतात.

इंजिन चालू, एसी फुल, बोनेट उघडं. काही सेकंदांत पंखा लागला पाहिजे. लागला तर पुढून जाळीवर वर्तमानपत्राचं अर्धं पान धरा. ते आत ओढून चिकटलं पाहिजे. गळून पडलं तर पंखा दमलाय किंवा जाळी चोंदली आहे. बाहेर ढकललं गेलं तर पंखा उलटा फिरतोय. मोटर बदलताना वायरी उलट जोडल्या की हे होतं, आणि नुसतं बघून कुणाच्या लक्षात येत नाही.

पंखा लागतच नसेल तर आधी फ्यूज, मग रिले (पंख्याला करंट सोडणारा स्विच). शेजारचा त्याच नंबरचा रिले (बऱ्याचदा हॉर्नचा) अदलाबदल करून बघा, फुकटात निदान होतं. तरी नाही फिरला तर इंजिन बंद करून मोटरचा सॉकेट काढा आणि बॅटरीवरून थेट १२ व्होल्ट द्या. थेट दिल्यावरही रेंगाळत फिरला तर आतले कार्बन ब्रश झिजलेत. थेट जोरात आणि सॉकेटवर मंद असेल तर वायरिंग बघा, विशेषतः अर्थिंगचा गंजलेला बोल्ट.

गॅसचं म्हणाल तर नुसत्या टॉप-अपला काही अर्थ नसतो. आत किती शिल्लक आहे हे माहीत नसताना वरून भरलं की जास्त होतो, आणि जास्त गॅसनंही उभ्या गाडीत कूलिंग पडतं. ४०-४२ अंशांत हाय साइडचं (कंप्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या गॅसचं) प्रेशर २२०-२७० पीएसआय दिसणं साहजिक आहे. कंडेन्सरला हवा मिळत नसेल तर ते ३५०च्या पुढं चढतं, आणि साधारण ४५०च्या आसपास प्रेशर स्विच कंप्रेसरच तोडतो. लोकांना वाटतं कंप्रेसर मेला.

माग_आणि_मोटार:
गाडी अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या बाजूला उभी असते का? यंत्रमागाच्या आसपास सुताचे बारीक तंतू हवेत असतात, ते कंडेन्सरच्या पत्र्यांत अडकतात, वर धूळ बसते आणि नमदा तयार होतो. गाळप हंगामात उसाच्या ट्रॉलीमागं चालवलेल्या गाडीत पाचटाचे तुकडेही निघतात. समोरून जाळी स्वच्छ दिसते. खरी घाण कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत असते. वरच्या पट्टीचे बोल्ट काढून रेडिएटर थोडा मागं कलला की टॉर्चनं दिसते.

धुताना इंजिनच्या बाजूनं बाहेर, साध्या नळीनं. वॉशिंग सेंटरचं प्रेशर जवळून मारलं की ॲल्युमिनियमचे पत्रे आडवे पडतात आणि उरलीसुरली हवाही बंद.

तळपता_काटा:
ॲव्हरेजचा घोळ वेगळा आहे, तो व्हॉल्व काढल्यामुळं. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो. तो काढला की कूलंट पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं, इंजिन तापायला वेळ लागतो, आणि ईसीयूला (इंजिनच्या कंप्युटरला) वाटतं इंजिन अजून थंडच आहे. मग तो पेट्रोल जास्त सोडतो. जुळे सोलापूर ते नवी पेठ एवढ्या छोट्या फेऱ्यांत तर इंजिन नीट तापण्याआधीच बंद होतं. ऑइल काळं लवकर पडतं ते वेगळंच. स्कॅनर लावला तर पी०१२८ कोड (इंजिन पुरेसं तापत नाही) मिळण्याची शक्यता आहे. "उन्हाळ्यात गरज नाही" ही जुन्या कार्बोरेटरच्या काळातली समजूत, ती इंजेक्शनच्या गाडीवर कशाला लादायची?

ई२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलनं थोडं ॲव्हरेज कमी होतं हे खरं, कारण इथेनॉलमधली ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशानं कमी. पण १५ वरून साडेबारा म्हणजे सतरा टक्क्यांच्या आसपास. एवढा फरक एकट्या ई२०च्या माथी मारता येणार नाही. टायरमधली हवाही बघा, सकाळी गाडी काढायच्या आधी, दाराच्या स्टिकरवरच्या आकड्याप्रमाणं.

होटगी_रोड:
कागद चिकटत नाही. पंखा लागतो पण मंद. बॅटरीवरून थेट दिलं तरी तसाच रेंगाळतो.

रिले_फ्यूज:
मग मोटरच. आर्मेचर (मोटरचा आतला फिरणारा भाग) चांगला असेल तर ऑटो इलेक्ट्रिशियन ब्रश बदलून देतो, पण बुश सैल झाले असतील तर अख्खी मोटरच घ्या. पुन्हा खोलाखोल नको. बसवल्यावर कागद पुन्हा लावा.

तळपता_काटा:
व्हॉल्व काढलेलाच आहे तर नवा बसवायच्या आधी फ्लश (कूलंटचा मार्ग आतून धुणं) उरकून घ्या, पाणी सगळीकडं मोकळं फिरेल. बोअरच्या पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचा थर नळ्यांत बसतो, चहाच्या भांड्याला आतून बसतो तसाच. इंजिन पूर्ण थंड असताना खालचा ड्रेन उघडा (तापलेलं झाकण कधीही उघडू नका), हीटर गरमवर ठेवा, डिस्टिल्ड वॉटर भरा, इंजिन तापवा, थंड होऊ द्या, सोडा. स्वच्छ येईपर्यंत हेच.

इथंच सगळे फसतात. ड्रेन उघडला तरी ब्लॉकमध्ये बरंच पाणी राहतं. त्यावर तयार ५०:५० कूलंट ओतलं की ते पातळ होतं. म्हणून कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) घ्या. पुस्तिकेत एकूण क्षमता बघा, छोट्या गाडीत साधारण ३ ते ४ लिटर, त्याच्या निम्मं कॉन्सन्ट्रेट आधी ओता आणि उरलेली जागा डिस्टिल्डनं भरा. हिरवं-निळं एकत्र करू नका. वरचा होज हळूहळू दाबत बुडबुडे काढा. टाकीतली पातळी इंजिन थंड असताना लो आणि फुलच्या मधे. रेडिएटरच्या झाकणाचं रबर कडक झालं असेल तर झाकण बदलाच. प्रेशर टिकलं नाही तर कूलंट लवकर उकळतं.

बुडबुडे थांबतच नसतील किंवा ऑइल दुधाळ दिसलं तर हेड गॅस्केट तपासा, तोवर लांब जाऊ नका.

रिले_फ्यूज:
आणि गॅस सगळ्यात शेवटी. पंखा ठीक झाल्याशिवाय गेजवरचे आकडे खोटेच. आहे तो पूर्ण काढून, २०-३० मिनिटं व्हॅक्यूम धरून, बोनेटखालच्या स्टिकरवर जितके ग्रॅम लिहिलेत तितकाच वजनानं भरून घ्या. वजनकाटा नसलेल्या दुकानात जाऊ नका.