संगीत महोत्सवाला जाताना कोणतं इंग्रजी कामी आलं? – अनुभव धागा

आमच्या मोर्शीकडची काही पोरं मुंबईच्या लोलापलूझाला जायचं म्हणतात. 2023 पासून तो महालक्ष्मी रेसकोर्सवर भरतो. पोरं बारावी झालेली आहेत, पण तिकिटाच्या पानावर 'जीए', 'लाइनअप', 'हेडलायनर' वाचून मलाच विचारायला आली. मी संत्र्याचा माणूस, माझी इंग्रजी ग्रेडिंग-पॅकिंगपुरती. अशा ठिकाणी जाऊन आलेल्यांनी लिहा. पुस्तकातलं नको.

ब्रह्मपुरीहून

जीए म्हणजे साधं तिकीट, उभं राहून ऐकायचं. लाइनअप म्हणजे येणाऱ्या कलाकारांची यादी. हेडलायनर म्हणजे त्या दिवसाचा मुख्य कलाकार, बहुतेक शेवटी येतो.

मी अरुणाचलात झिरोला गेलो होतो. 2012 पासूनचा महोत्सव. आपातानी लोकांच्या धानाच्या बांध्या, त्याच पाण्यात मासे पाळलेले. आमच्या झाडीपट्टीतल्या, पूर्व विदर्भातल्या धानवाल्या माणसाला परकं वाटतच नाही. इनर लाइन परमिट आधी काढून ठेवा. बोलायला हिंदी चालते, इंग्रजी लागते ती तिकिटावर न् स्टेजवर. 'रेन ऑर शाइन' लिहिलं असेल तर पाऊस आला म्हणून पैसे परत मागू नका. 'गेट्स' पुढची वेळ आत सोडण्याची असते, गाणं तेव्हा सुरू होत नाही. तिथं दिवसाचा स्टेज वेगळा, रात्रीचा वेगळा. मुंबईला मात्र आवडते दोघं एकाच वेळी दोन स्टेजवर येतात, त्याला 'क्लॅश' म्हणतात. मित्रांत भांडणं लागतात ती यावरूनच.

दारव्ह्याची, सध्या पुण्यात

मी एका महोत्सवात गेटवर स्वयंसेवक होते. 'बँड' म्हणजे मनगटावरचा पट्टा, एकदा कसला की सैल होत नाही. 'नो री-एन्ट्री' वाचूनही लोक चहाला बाहेर पडतात आणि मग आमच्याशी हुज्जत घालतात.

स्लँग नंतर शिका काका, आधी ही वाक्यं पोरांकडून पाठ करून घ्या: 'व्हेअर्स द वॉटर पॉइंट?', 'आय लॉस्ट माय फ्रेंड्स', 'आय नीड टू गेट आउट'. पुढे सरकायचं असेल तर 'सॉरी, कॅन आय स्क्वीझ पास्ट?' म्हणून खांदा तिरपा करा, वाट मिळते. कुणी नको तितकं जवळ आलं तर 'बॅक ऑफ', आणि तेही मोठ्यानं. अगदी पुढच्या रांगेत एक मुलगी कठड्याला चेपली गेली होती. ओठ कोरडे, तोंडातून आवाज निघेना. दोन्ही हात वर करून ती फक्त 'आउट, आउट' म्हणाली आणि बाउन्सरनं तिला काखेत धरून अलीकडे घेतलं. व्याकरण कुणी विचारलं नाही.

वरुडचा डीजेवाला

राजेहो, 'ड्रॉप' काय असते ते वरातीतल्या पोट्ट्याइले सांगा लागत नाही. गाणं चढत जाते, एक सेकंद सारं बंद, अन् मंग बेस पडते. 'बी टू बी' म्हणजे दोन डीजे एकाच कन्सोलवर आळीपाळीनं वाजवते. 'ट्रॅक आयडी?' म्हणजे हे गाणं कोणतं होय बे? 'मॉश पिट'मंदी मुद्दाम धक्काबुक्की करतेत, चष्मेवाल्यानं तिकडं कायले जावं!

पुसदची, इंग्लंडात नर्स आहे

इथला ग्लॅस्टनबरी सॉमरसेटमधल्या वर्दी फार्मवर होतो, गाईंच्या शेतावर. 1970 साली पहिला झाला तेव्हा तिकीट एक पौंड होतं आणि दूध फुकट. अधूनमधून एक वर्ष जमिनीला आराम देतात, 'फॅलो इयर'. 2018 ला दिला होता. बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "पडीत ठेवतात? मग शेतकरीच आहेत ते."

इथं 'यू ऑलराइट?' म्हणजे तब्येतीची चौकशी नव्हे, नुसता नमस्कार. 'येह, यू?' म्हणायचं न् पुढं जायचं. 'वेलीज' म्हणजे चिखलातले गुडघ्याएवढे बूट. 'नॅकर्ड' म्हणजे पार थकलेला. 'लाँग ड्रॉप' म्हणजे खोल खड्ड्याचा संडास. त्याचं वर्णन विदर्भातल्या माणसाला करत बसत नाही.

वडसा, शाळेत इंग्रजी शिकवतो

स्लँगच्या याद्या पाठ करू नका. ती लवकर शिळी होते. 'लिट' (म्हणजे धमाल) म्हणणारा आता पोरांना काकाच वाटतो. 'बँगर', म्हणजे जबरदस्त गाणं, अजून चालतं. अनोळखी माणसाशी बोलायला 'हू आर यू हिअर फॉर?' (कुणाला ऐकायला आलात?) एवढं पुरे, पुढचं तोच बोलतो. कानाला सवय लावायची तर अमेरिकेतल्या कोचेला महोत्सवाचं थेट प्रक्षेपण यूट्यूबवर येतं. गाणी सोडा, दोन गाण्यांच्या मधलं कलाकाराचं बोलणं ऐका. कलाकारांच्या मुलाखती असतील तर वेग थोडा कमी करून लावा.

मोर्शीहून पुन्हा मीच

दारव्ह्याच्या ताईंची वाक्यं पोरांनी मोबाइलात उतरवून घेतली. आता एक व्यवहाराचं सांगा. 'कॅशलेस' म्हणजे बँडमध्ये आधी पैसे भरायचे म्हणतात. उरलेले परत मिळवताना कुणाला तिथल्या काउंटरशी बोलावं लागलं का, आणि काय बोललात?