केमोथेरपी सुरू असलेल्या लॅब्राडॉरची घरी काळजी कशी घ्यावी? (सल्ला हवा आहे)

गोदाकाठ (नाशिक)

आमच्या आठ वर्षांच्या लॅब्राडॉरला, बंड्याला, लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कर्करोग) असल्याचे निदान झाले आहे. जबड्याखालच्या आणि गुडघ्यामागच्या गाठी सुजल्या होत्या. सुईने पेशी काढून तपासल्या आणि पुढे बायॉप्सीत बी-पेशींचा (एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा) प्रकार निघाला. व्हिन्क्रिस्टीन, सायक्लोफॉस्फामाइड, डॉक्सोरुबिसिन आणि प्रेडनिसोलोन (स्टिरॉइड) ही औषधे आलटून पालटून सुमारे पाच महिने द्यायची आहेत. पहिल्या इंजेक्शननंतर गाठी जवळजवळ विरघळल्या, त्यामुळे घरात हुरूप आहे. मात्र दोन इंजेक्शनांमधले दिवस आम्हालाच निभावायचे असतात आणि घरात रांगणारे बाळ आहे. शी-शू कशी हाताळावी, खायला काय द्यावे, आणि काय दिसले तर डॉक्टरांना रात्रीसुद्धा उठवावे? सासूबाई गोमूत्र आणि कारल्याचा रस देण्याचा आग्रह धरत आहेत, त्यावरही मत हवे.

कर्वेनगरकर (पुणे)

ताई, आधी एक डिजिटल थर्मामीटर बंड्यासाठी वेगळा ठेवा आणि गुदद्वारातून ताप बघायला दवाखान्यातच शिकून घ्या. कुत्र्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असते, त्यामुळे अंगाला हात लावून केलेला अंदाज फसतो. आमच्या कुत्रीच्या उपचारात आहारापेक्षा आणि महागड्या पावडरींपेक्षा याच एका वस्तूचा उपयोग झाला, असे मी ठामपणे सांगेन.

खाण्यात उकडलेले चिकन, अंडे, भात, थोडा लाल भोपळा असे साधे, पूर्ण शिजवलेले अन्न द्या. कच्चे मांस या काळात नकोच. प्रेडनिसोलोनमुळे भूक आणि तहान दोन्ही वाढतात. लॅब्राडॉर आधीच खादाड, त्यात ही भर, म्हणून वाटी मोजूनच भरा. पाणी मात्र कधीही अडवू नका आणि रात्री एकदा उठून बाहेर नेण्याची तयारी ठेवा.

पशुवैद्य (सांगली)

मी बंड्याला तपासलेले नाही, त्यामुळे तुमच्या डॉक्टरांचा शब्द अंतिम माना.

इंजेक्शननंतर साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात आणि एरवी किरकोळ ठरणारा जंतुसंसर्गही तेव्हा जिवावर बेतू शकतो. ताप १०३.५ च्या वर गेला, कुत्रा मलूल पडून अन्नाकडे पाठ फिरवू लागला, उलट्या थांबेनात किंवा शीतून रक्त गेले, तर सकाळची वाट पाहू नका. पुढचा डोस रक्ततपासणीशिवाय घेऊ नये; पेशी कमी असल्यास तो काही दिवस पुढे ढकलतात आणि त्यात घाबरण्यासारखे काही नसते.

सायक्लोफॉस्फामाइडमुळे मूत्राशयाला सूज येऊन लघवीतून रक्त जाऊ शकते, म्हणून ते सकाळी देतात आणि दिवसभर कुत्र्याला वारंवार लघवीला नेतात. डॉक्सोरुबिसिननंतर मात्र एक-दोन दिवस लघवी औषधाच्याच रंगाने लालसर दिसते. दोन्हींतला फरक ठाऊक नसल्यास उगाच धावपळ होते किंवा, त्याहून वाईट, खऱ्या रक्ताकडे दुर्लक्ष होते. डॉक्सोरुबिसिन हृदयावरही परिणाम करते. त्याआधी इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला आहे का, हे विचारून घ्या.

औषधाचे अंश शी-शूतून बाहेर पडतात, म्हणून इंजेक्शननंतर किमान ७२ तास हातमोजे घालूनच साफसफाई करा, फडके वेगळे ठेवा आणि बाळाला कुत्र्याच्या अंथरुणापासून व लाळेपासून दूर ठेवा. घरात कोणी गरोदर असल्यास तिने हे काम करू नये.

आपल्याकडचा आणखी एक घोटाळा म्हणजे गोचीड ताप. त्यातही प्लेटलेट घटतात, ताप येतो, गाठी सुजतात, आणि सगळे खापर केमोवर फुटते. गोचिडांचे औषध चुकवू नका. गोमूत्र आणि कारल्याचा रस देऊ नका, कारण त्यांचा या कर्करोगावर उपयोग सिद्ध झालेला नाही आणि त्यांनी पोट बिघडले तर ते कशामुळे, हेच कळेनासे होईल. माणसांची आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके प्रेडनिसोलोनसोबत देणे तर धोक्याचेच आहे. आणि प्रेडनिसोलोन मनाने एकदम बंद करू नका.

पोयबावडी (परळ)

थोडे कटू लिहितो. हा उपचार बहुधा बरे करत नाही, आजार दाबतो. बी-पेशींच्या प्रकारात या औषधांवर साधारण वर्षभराचा काळ मिळतो, फक्त प्रेडनिसोलोनवर एक ते तीन महिने. आमच्या बहिणीने खर्च आणि कुत्र्याचे वय पाहून हा दुसरा, फक्त प्रेडनिसोलोनचा मार्ग निवडला आणि मला तो मुळीच चुकीचा वाटत नाही. डॉक्टरांशी आत्ताच बोलून ठेवा की आजार उलटला तर पुढे कुठवर जायचे. ऐन वेळी तो निर्णय फार घाईत होतो.

गोदाकाठ (नाशिक)

सर्वांचे मनापासून आभार. सासूबाईंना पशुवैद्यांचा प्रतिसाद वाचून दाखवला; कारल्याचा विषय तूर्त मागे पडला आहे. शेवटची शंका : बंड्याच्या वार्षिक लसी जवळ आल्या आहेत, त्या द्याव्यात का?

पशुवैद्य (सांगली)

डिस्टेंपर-पार्व्होच्या लसीत जिवंत, क्षीण केलेले विषाणू असतात, त्यामुळे ती केमो संपेपर्यंत सहसा टाळतात. रेबीजची लस मृत विषाणूंची असते. ती कधी द्यायची हे रक्ताचा अहवाल पाहून तुमचे डॉक्टर ठरवतील. तोवर त्याला भटक्या कुत्र्यांमध्ये मोकळे सोडू नका.