लेक बारावीला, पुढच्या मेमध्ये नीट (मेडिकलची प्रवेश परीक्षा)... आईबापाने नेमकं करायचं काय?

राजापूरची आई:
नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. आम्ही राजापूर तालुक्यातले, गावाचं नाव नको. मी आशा सेविका आहे, मिस्टरांची थोडी कलमं आणि आंब्याचा सीझन संपला की रिक्षा. मुलगी यंदा बारावी सायन्सला गेली, दहावीला ९३ टक्के होते. तिला एमबीबीएसच करायचंय आणि हे आमच्या डोक्यातलं नाही हां, सहावी सातवीत असताना लसीकरणाच्या दिवशी माझ्यासोबत उपकेंद्रात यायची आणि लसीच्या कॅरिअरमधले आइसपॅक मोजत बसायची, तेव्हापासूनचं आहे.

आता प्रॉब्लेम असा की आम्ही दोघंही बारावीच्या पुढे गेलेलो नाही, तिच्या पुस्तकातलं आम्हाला ओ का ठो कळत नाही. क्लास ऑनलाइन लावलाय पण घरात रेंज नाही, ती वर सड्यावर जाऊन लेक्चर डाउनलोड करून आणते, पावसात तेही बंद, लाईट गेली की दोन दोन दिवस येत नाही. नणंद म्हणते अजून वेळ गेलेली नाही लातूरच्या क्लासला ठेव, जाऊबाई म्हणतात एवढे पैसे घालून नाही लागला नंबर तर. परवा टेस्टमध्ये ३४० आले ७२० पैकी, मी फक्त "बाकीच्यांना किती" एवढंच विचारलं तर आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं, रात्री जेवलीपण नाही. मग मी विचारायचंच नाही का? आणि कागदपत्रं काय काय लागतात, कधीपासून जमवायची? आम्ही कुणबी, ओबीसीत. जातीचा दाखला आहे, व्हॅलिडिटी (जात पडताळणीचं प्रमाणपत्र) नाही.

ओरोसवाला बाबा:
ताई, माझी मुलगी सिंधुदुर्गच्या शासकीय मेडिकलला सेकंड इयरला आहे त्यामुळे अनुभवाचं सांगतो. अभ्यास तिचा, कागद तुमचे. एवढी एक वाटणी घरात करून टाका, अर्धी भांडणं तिथेच संपतात.

व्हॅलिडिटीला उद्याच लागा. उद्या म्हणजे उद्या. बारावी सायन्सला असताना कॉलेजचं पत्र घेऊन अर्ज करता येतो, तो ऑनलाइन भरून मग जिल्ह्याच्या जात पडताळणी समितीकडे जातो. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा मागतात, म्हणजे तुमच्या सासऱ्यांचा नाहीतर त्यांच्या वडिलांचा शाळेचा दाखला किंवा जन्ममृत्यूची जुनी नोंद, ज्यावर जात लिहिलेली आहे असा. तो शोधण्यातच महिने जातात, आमचा चुलत आजोबांच्या दाखल्यावर निघाला आणि तोही कुठे, तर ट्रंकेत देवाच्या जुन्या पोथीत घडी घालून ठेवलेला. वाळवी लागली नव्हती हे नशीब.

दुसरं नॉन क्रिमीलेअर, म्हणजे घर ओबीसीतल्या सधन गटात मोडत नाही याचा दाखला. राज्याचं वेगळं आणि केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसीचं सर्टिफिकेट वेगळं, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. शासकीय कॉलेजच्या १५ टक्के जागा ऑल इंडियातून दिल्लीच्या एमसीसीमार्फत (केंद्राची मेडिकल समुपदेशन समिती) भरतात, तिथे केंद्राचा नमुना लागतो, उरलेल्या ८५ टक्के आपल्या राज्याच्या सीईटी सेलकडे, तिथे राज्याचं. कुणबी दोन्ही यादीत आहे त्यामुळे दोन्ही काढा. आणि त्यावर कुठल्या तारखेपर्यंत वैध लिहिलंय ते सेतूतून बाहेर पडायच्या आधी वाचा. वय राष्ट्रीयत्व अधिवास (डोमिसाइल म्हणतात तेच), उत्पन्नाचा दाखला, दहावी बारावीचं मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, नंतर मेडिकल फिटनेस. आधारवरचं नाव आणि दहावीच्या मार्कशीटवरचं नाव एक एक अक्षर लावून बघा. आमच्या मुलीचं मधलं नाव एकीकडे पूर्ण होतं आणि एकीकडे नुसतं आद्याक्षर, आधार दुरुस्त करायला तीन खेपा झाल्या. दुरुस्ती करायची तर आत्ता करा, नीटचा फॉर्म भरल्यावर नको.

आता माझी चूक सांगतो म्हणजे तुमची होणार नाही. नीटचा फॉर्म आम्ही बाजारातल्या एका सायबर कॅफेत भरला, तेव्हा घाईत त्या माणसाने मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचाच टाकला. आम्हाला पत्ता नाही. अॅडमिट कार्ड काढताना ओटीपी त्याच्या फोनवर, आणि तो गेलेला लग्नाला मुंबईला, फोन स्विच ऑफ. दोन दिवस आम्ही घरात एकमेकांशी बोललो नाही. नंबर तुमचाच द्या, सिम चालू ठेवा, पासवर्ड वहीत लिहा, आणि ती वही फ्रीजवर ठेवू नका, आमची पडून भिजली.

अजून एक, नीटचा फॉर्म भरला म्हणजे अॅडमिशनचा फॉर्म भरला असं नसतं. निकालानंतर राज्याच्या कॅपसाठी (केंद्रीभूत प्रवेश फेऱ्या) वेगळं रजिस्ट्रेशन असतं आणि एमसीसीसाठी आणखी वेगळं, साधारण जुलैच्या आसपास, आणि मुदत थोड्याच दिवसांची. आमच्या ओळखीतल्या एका पोराचे मार्क चांगले होते, घरचे कॉलेजकडून पत्र येईल म्हणून वाट बघत बसले.

थर्डइयरवाली:
काकू मी रत्नागिरीच्या शासकीयला आहे, गावाकडचीच, त्यामुळे सड्यावर रेंज शोधणं मला नवीन नाही 😄

"बाकीच्यांना किती" हे नका विचारू प्लीज. तिला माहितीच असतं ते, क्लासच्या ग्रुपवर सगळ्यांची लिस्ट येते. आणि बारावीचा सिलॅबस नुकता चालू झालेला असताना ३४० म्हणजे वाईट अजिबात नाही. उत्तर बरोबर आलं तर ४, चुकलं तर वजा १, सोडलं तर शून्य, त्यामुळे ३४० नुसते कमी येतं म्हणून होतात तसे माहीत नसताना ठोकलं म्हणूनही होतात, आणि दोन्हीचा इलाज वेगळा आहे. ते ती बघेल. तुम्ही फारतर एवढं विचारा की पेपर कसा वाटला, आणि ती "ठीक" म्हणाली की विषय सोडून द्या, पेज वाढा. माझी आई दार वाजवायची नाही, बाहेर काजूगर सोलत बसायची, मग मीच थोड्या वेळाने बाहेर यायचे आणि तिला न विचारता सगळं सांगायचे.

तुम्ही करू शकाल असं एक काम सांगते आणि त्याला काडीचीही केमिस्ट्री लागत नाही. परीक्षा असते दुपारी २ ते ५, १८० प्रश्न १८० मिनिटं, फिजिक्स ४५ केमिस्ट्री ४५ बायो ९०. दुपारी दोनला आपल्याकडे काय होतं, भात खाऊन सगळं गाव आडवं. मे महिन्यात घामाने ओएमआरला (गोल काळे करायची उत्तरपत्रिका) हात चिकटतो. म्हणून दर रविवारी २ ते ५ तिला छापील पेपर आणि ओएमआरची झेरॉक्स देऊन बसवा, काळं बॉलपेन, जेवण त्यादिवशी हलकं आणि बाराच्या आत. तीन तासात तिला कोणीही हाक मारायची नाही, मासेवाली आली तरी नाही, पाहुणे आले तरी नाही, लाईट गेली तरी नाही. नेट लागत नाही, क्लास लागत नाही. मी हे दिवाळीनंतर सुरू केलं, तिने आतापासून केलं तर मस्तच.

पुस्तकांचं म्हणाल तर बायोला एनसीईआरटीचं (केंद्राचं) पाठ्यपुस्तक ओळ न् ओळ, आकृत्यांखालची बारीक अक्षरंसुद्धा. पीडीएफ एकदा सड्यावर जाऊन उतरवली की झालं, पण छापील घेतलेली बरी, स्वस्त असतात.

आणि एक, नातेवाईक विचारतील "किती मार्काला सरकारी मिळतं". त्याला उत्तर नाही. २०२४ च्या पहिल्या निकालात ६७ जणांना ७२० पैकी ७२० होते आणि २०२५ ला पेपर असा आला की देशात पहिला आला त्याला ६८६. मार्क नाही रँक बघायची, तीपण तुमच्या कॅटेगरीची, आणि आदल्या वर्षीची कॅपची यादी सीईटी सेलच्या साइटवर असते ती ताडून बघायची.

तिरकस मालवणी:
गो बाय, लातूर लातूर काय ता! माझ्या झिलाक दोन वर्सां थंय ठेवलंय.

बरं सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत लिहितो. लातूर वाईट नाही, तिथे शिकवणारे शिकवतात. पण आमच्या मुलाला ते मानवलं नाही. एका खोलीत चौघं, सकाळी सहा ते रात्री दहा, मेसची भाजी, मासे नाहीत (हसू नका, पोरगं खरंच खंगलं होतं), आणि तुमच्याकडून जायचं म्हणजे अणुस्कुरा घाटाने कोल्हापूर आणि मग पुढे, पावसात दरड आली की तेही अडकणार. घरी आजी आजारी पडली तेव्हा त्याला सांगितलंच नाही आम्ही, ते तो अजून बोलून दाखवतो. ज्या मुलाला स्वतःहून जायचंय त्याने जावं. मुलीला विचारलंत का कुणी, नणंद आणि जाऊ सोडून?

आणि ताई, दुसरी बाजू पण सांगतो कारण इथे सगळे नंबर लागलेलेच लिहितात. आमच्या मुलाचा एमबीबीएसला नंबर लागला नाही, ड्रॉप घेऊन, म्हणजे वर्षभर थांबून परत परीक्षा देऊनसुद्धा नाही. त्याच नीटच्या मार्कांवर बीएएमएस (आयुर्वेद), बीएचएमएस (होमिओपॅथी), फिजिओथेरपी पण असतं, त्याला बीएएमएस मिळालं, आता तो खूश आहे. सुरुवातीला नव्हता, सहा महिने व्हॉट्सअॅपला डीपी नव्हता त्याचा. चूक आमची, आम्ही दोन वर्ष घरात एमबीबीएस सोडून दुसरा शब्द काढला नव्हता, त्यामुळे त्याला ते हरल्यासारखं वाटलं. तुम्ही आधीच बोलून ठेवा, पण परीक्षेच्या आदल्या महिन्यात नको, आता गणपतीत वगैरे, सहज. नर्सिंगची सीईटी मात्र वेगळी, तिला हवी असेल तर तो फॉर्म वेगळा भरावा लागतो.

निकाल लागला की अनोळखी नंबरवरून फोन येतील, "मॅनेजमेंटमधून सीट फिक्स करून देतो, फक्त टोकन द्या". आम्हाला अकरा फोन आले. नंबर त्यांना कुठून मिळतो देव जाणे. एकाला आमच्या हिने विचारलं, भाऊ तुझा स्वतःचा मुलगा कुठे लागला, त्याने फोन ठेवला.

ओरोसवाला बाबा:
लातूरबद्दल मालवणींशी अर्धा सहमत. आमची मुलगी दोन वर्ष कोल्हापूरला होती आणि तिला फायदा झाला, पण ती भांडून गेलेली. तुमची आता बारावीत आहे, मधेच कॉलेज बदलणं, दाखला, प्रॅक्टिकल, या गोंधळात दोन महिने जातील. माझ्या मते यंदा नको. पुढच्या वर्षी गरज पडलीच तर बघा.

फीचं राहिलं. जुलै २०२४ मध्ये शासनाने निर्णय काढला, ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक), एसईबीसीतल्या (सामाजिक, शैक्षणिक मागास वर्ग) मुलींना कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर कॅपमधून मिळालेल्या व्यावसायिक प्रवेशाला शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ. अभिमत (डीम्ड) विद्यापीठांना ते लागू नाही. हॉस्टेल मेस पुस्तकं आपली आपण. जाऊबाईंना हे वाचून दाखवा. साडेपाच वर्षांचा कोर्स, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिप, आणि शासकीयमधून झालं की पुढे वर्षभर सरकारी सेवेचा बाँड, नाही केली तर दंड दहा लाख.

राजापूरची आई:
सगळ्यांचे खूप आभार, मिस्टरांना पण वाचून दाखवलं. बाँडचं ऐकून मुलगी म्हणाली वर्षभर सरकारी केंद्रात काम करायचं ही शिक्षा आहे का, महाडचे बावस्कर डॉक्टर बिरवाडीच्या पीएचसीतच (प्राथमिक आरोग्य केंद्र) होते ना आधी. तिने त्यांच्या विंचूदंशावरच्या प्राझोसिन औषधाचं कुठेतरी वाचलंय आणि आमच्याकडे विंचू काय कमी आहेत, पावसाळा सुरू झाला की माझ्याच वाडीत दोन तीन केस असतात. मी काही बोलले नाही, पण बरं वाटलं.

लातूरचं तिला विचारलं. म्हणाली, "मी कधी म्हटलं होतं?" विषय संपला. नणंदेला मिस्टर सांगतील, माझी नाही हिंमत.

पुराव्याचं असं झालंय की सासऱ्यांचं नाव गावच्या शाळेच्या जनरल रजिस्टरात सापडलं, १९५८ ची नोंद आहे, जात कुणबी स्पष्ट लिहिलीये. गुरुजींनी दाखवलं, शाईपण अजून काळी आहे. पण तिथे आडनावाच्या जागी नुसतं नाव आणि बापाचं नाव, आडनावच नाही. चालेल का?

ओरोसवाला बाबा:
त्या काळी बऱ्याच ठिकाणी आडनाव लिहीत नसत, तुम्ही एकट्या नाही. मुख्याध्यापकांकडून रजिस्टरचा उतारा सही शिक्क्यासकट घ्या. सोबत वंशावळीचं प्रतिज्ञापत्र असतंच, त्यात नाव जुळवून दाखवा, आणि आडनाव जोडणारा मधला एखादा कागद बघा, तुमच्या मिस्टरांचा शाळेचा दाखला किंवा सातबारा. समितीने काही विचारलं तर सासऱ्यांना घेऊन जा. आणि सगळं प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये, चैनवाल्या. आमचे अर्धे झेरॉक्स एसटीच्या खिडकीतून आलेल्या पावसाने गेले होते.

थर्डइयरवाली:
काकू रविवारचं चालू केलंत का?

राजापूरची आई:
केलं गं. ओएमआरच्या वीस झेरॉक्स आणून ठेवल्यात. काल पहिला पेपर, मधे लाईट गेली, ती उठून पडवीत जाऊन बसली आणि तिथेच पूर्ण केला. सासऱ्यांना सांगितलं होतं दोन ते पाच टीव्ही लावायचा नाही, तर ते म्हणाले बरं, मग मी झोपतो, आणि दहा मिनिटांत असे घोरायला लागले की तिने कानात कापूस घातला. किती आले ते विचारलं नाही.